विमानावरचा भंडारा

गिरणीत हळद दळल्याचा वास आला की मला ते विमान आठवतं. लष्करानं टाकून दिलेलं ते जुनं, उघड्या बैठकीचं विमान आम्ही मास्तर-कारकून मंडळींनी दर रविवारी खपून नीट केलं होतं. चाचणीच्या दिवशी उडालं नाही तर ते भंगारात जाणार होतं. इंजिन धडधडलं आणि मला भक्ती अनावर झाली. मी अणदूरच्या खंडोबाचा मूठभर भंडारा पुढूनच उधळला. पंख्यानं तो सगळा मागं बसलेल्या, विमान उडवून बघायला आलेल्या एका निवृत्त वैमानिकाच्या तोंडावर नेला. "मास्तर, पूजा झाली असंल तर सरका," ते शिंकत म्हणाले आणि विमान खरंच उडालं. आम्ही उभे होतो त्याच माळावर परत उतरलं तेव्हा रानातल्या बाया धावत येऊन त्या पिवळ्याधमक माणसाच्या पाया पडू लागल्या. "अवो मास्तर, मी देव न्हाय म्हणून सांगा की यांना." मी अजून सांगितलेलं नाही.