कुत्रा पाणी पीत नव्हता

माणूस आणि कुत्रा यांचं नातं हजारो वर्षांच्या विश्वासावर उभं आहे, असं आदिलाबादच्या आमच्या प्राणी-निवाऱ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याच भिंतीला लागून चावणाऱ्या कुत्र्यांचा पिंजरा आहे.

मी तिथे फोन घेतो, मालकांशी बोलतो. तामसीकडची एक म्हातारी मावशी आपला तांबडा कुत्रा घेऊन आली, तेव्हा तिच्या हाताला फडकं होतं आणि फडक्याखाली मिरचीपूड. कुत्रा तिलाच चावला होता. तो पिसाळला असं ठरवून गावाने काठ्या काढल्या होत्या.

"गोचीड काढून राह्यली होती मी. दुखलं असन त्याले," ती म्हणाली. "मारू नका जी."

निवाऱ्याच्या डॉक्टरांनी आधी तिची जखम साबणाने धुवायला लावली आणि आमच्याच गाडीतून तिला सरकारी दवाखान्यात सुईला पाठवलं. कुत्रा दहा दिवस नजरेखाली राहणार होता. धड राहिला तर दोघंही सुटणार होती. नाही राहिला, तर गावाचं खरं ठरणार होतं, आणि तिची सगळी भिस्त सुयांवर.

पहिल्या दिवशी तो पाणी प्यायला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भात चाटायचा, भांड्याकडे पाहायचा आणि तोंड फिरवायचा.

"पाणी न पिणं हा काही पिसाळल्याचा पुरावा नव्हे," डॉक्टर म्हणाले, आणि जाता-येता भांड्यात डोकावू लागले. शेजारच्या पिंजऱ्यांतली कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली. निदान आम्हाला तसं वाटलं.

संध्याकाळी मावशीचा फोन यायचा. "बरा हाये ना?" ती विचारायची कुत्र्याबद्दल, पण उत्तर तिच्या स्वतःच्या जिवाबद्दलचंही असणार होतं. "खातोय," मी म्हणायचो. पाण्याचं ती विचारत नव्हती, मी सांगत नव्हतो.

दुसऱ्या सुईला ती बसने आली आणि सुई घेऊन सरळ पिंजऱ्याशी गेली. काठोकाठ भरलेलं भांडं तिने पाहिलं.

"हे काऊन ठेवलं?"

"पाणी आहे, मावशी. पीत नाही तो," डॉक्टर हळूच म्हणाले.

"पानी? तो कवा पेते पानी? चाय पेते तो! माह्यासंगं, सकाळ-संध्याकाळ."

तो काय खातो, हे आम्ही तिला विचारलं होतं. काय पितो, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याला गिळता येतं का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यांनी स्वतःचा चहा ताटलीत ओतून आत सरकवला. कुत्र्याने ताटली चाटून लख्ख केली आणि डॉक्टरांच्या कपाकडे पाहिलं.

तरी दहा दिवस पिंजरा उघडला नाही. उरलेले दिवस आम्ही त्याला पातळ दूध पाजलं. मग मी गावात जाऊन कुत्रा ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा काठ्या घरात गेल्या. घरी न्यायच्या दिवशी डॉक्टरांनी त्याला लस टोचली, गोचिडांचं औषध दिलं आणि मावशीला गंभीरपणे बजावलं, "चहा कुत्र्याला विषासारखा असतो."

मावशी घाबरली. तिने दूध जास्त घालायचं कबूल केलं.