रोलर कोस्टरवर कोण बसणार

दहावीचे पेपर सुरू होण्याआधी माझ्या नवऱ्याने मुलीला शब्द दिला, "नीट अभ्यास कर, मग सुट्टीत म्हणशील तिथे नेतो." त्याच्या मनात 'म्हणशील तिथे' म्हणजे भेडाघाट. जबलपूरच्या माणसाच्या मनात दुसरं काही येतच नाही. पाहुणे आले, भेडाघाट. साखरपुडा झाला, भेडाघाट. कोणाचं कोणाशी पटेना, तरी न्या भेडाघाटला, नावेत बसवा, संगमरवर दाखवा.

शेवटचा पेपर देऊन मुलगी घरी आली, बूट भिरकावले आणि म्हणाली, "पापा, रोलर कोस्टर."

"भेडाघाटला रोपवे आहे ना," तो म्हणाला.

"पापा, रोपवे में तो नींद आ जाती है."

तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. आम्ही मराठीत रागावतो, ती हिंदीत उलट उत्तर देते. तिने पार्कसुद्धा ठरवून ठेवला होता. नागपूरच्या बाजूला, गाडीने पाच-सहा तास. नागपूरला माझी बहीण राहते, म्हणजे मुक्कामाची सोय झाली. भेडाघाटकडे परतायच्या सगळ्या वाटा बंद.

विजय नगरातलं आमचं घर दोन मजली आहे. खाली आम्ही तिघं आणि सासरे, वर धाकटे दीर आणि जाऊ. स्वयंपाक एकच, खालचा. दीर-जावेच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. नातेवाईकांनी आता विचारणं सोडलं होतं, म्हणजे त्यांच्या तोंडावर विचारणं. मला फोन करून विचारायचे.

नवरा लगेच नियोजनाला लागला. सिविल लाइन्समधल्या ऑफिसात त्याचं कोणी ऐकत नाही, त्याची भरपाई तो घरी करतो. त्याने तक्ता केला. किती वाजता निघायचं, चहा कुठे, कोण कोणाशेजारी बसेल, कोणाला गाडी लागते. तक्त्यात सहा रकाने होते आणि त्यात सासऱ्यांचं नाव नव्हतं. सहावा रकाना 'पाणी आणि खाणं' असा होता.

सासरे तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. तोफांच्या कारखान्यात, तपासणी विभागात पूर्ण नोकरी झालेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक नटबोल्टवर त्यांचा संशय. उन्हात दिवसभर त्यांना कुठे फिरवणार, म्हणून त्यांना दोन दिवस त्यांच्या बहिणीकडे, आत्यांकडे, ठेवायचं ठरलं. हे त्यांना मोठ्या सुनेने सांगावं, असं एकमताने ठरलं. ते एकमत मी गहू निवडत होते तेव्हा झालं.

रविवारी सकाळी पोहे आणि जिलेबी घेऊन सगळे टेबलाभोवती बसलो होतो. मी बाबांना सांगायला सुरुवात केलीच होती, "बाबा, आत्या तुमची फार आठवण काढतात..." तेवढ्यात मुलगी मोबाईलवरून मोठ्याने वाचू लागली. "सुनो सब लोग. पार्क के नियम हैं. किसको झूला मना है."

"वाच," नवरा म्हणाला. नियम म्हटलं की त्याला भूक लागते.

"हृदय रोगी."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जिलेबी खात होते. "मला काय बघून राहिले? माझं हृदय ठीक आहे. डॉक्टरचं बघा, तो जिना चढताना धापतो."

"उच्च रक्तचाप."

परत बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून नवऱ्याचा आवाज आला, "मला आहे."

"काय आहे?" मी विचारलं.

"बीपी. आठ महिने झाले. गोळी सुरू आहे."

"कुठे आहे गोळी?"

"ऑफिसात. ड्रॉवरमध्ये."

आठ महिने मी या माणसाला लोणचं वाढत होते, पापड भाजत होते, आणि तो मुकाट खात होता. मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?" तर म्हणाला, "तू मीठ बंद केलं असतं." हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

"कमर या रीढ़ की तकलीफ," मुलगी वाचत होती. तिला आता मजा येऊ लागली होती.

"मी नाही बसत मग," दीर म्हणाले. "माझी कंबर धरून राहिली सध्या. स्लिप डिस्क म्हणतात."

पंधरा दिवसांपूर्वी ते गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढलेले मी पाहिले होते. पण मी बोलले नाही, कारण पुढचं वाक्य माझंच होतं. "आणि मानेची तक्रार," मुलीने वाचलं आणि मी हात वर केला. "मला सर्वायकल आहे." मला सर्वायकल नव्हतं, आजही नाही. मला उंचीची भीती वाटते, गच्चीवर पापड वाळवतानासुद्धा मी कठड्यापासून लांब बसते. पण शाळेत सातवीच्या वर्गाला धाकात ठेवणाऱ्या बाईला 'भीती वाटते' म्हणणं जमत नाही.

"गर्भवती महिलाएँ," मुलीने वाचलं आणि बोटाने खाली सरकवलं. "ये तो कोई नहीं. आगे, लंबाई..."

जावेने बशी खाली ठेवली. "मग मी पण नाही," ती म्हणाली.

"का, तुझी पण कंबर?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. कंबर नाही. त्याच्या खालची ओळ."

"मान?"

"अजून खाली."

मुलीने मोबाईल परत वर सरकवला, ओळ मनातल्या मनात वाचली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. नवऱ्याला सर्वांत शेवटी कळलं, तो तक्ता शोधत होता. दीर पोह्यांकडे बघत होते. त्यांची कंबर अगदी छान होती. सगळे झुल्यात बसले की बायकोजवळ खाली थांबता यावं, म्हणून त्यांनी ती स्लिप डिस्क दोन दिवसांपासून तयार करून ठेवली होती.

असं काही ऐकलं की लगेच आनंद होतो म्हणतात. मला आधी भीती वाटली. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोनदा गेलं होतं. आणि भीतीच्या पाठोपाठ, खोटं कशाला बोलू, राग आला. रोज माझ्याच ओट्यावर माझ्याच शेजारी उभं राहून ही पोळ्या लाटते आणि मला सांगत नाही? पोळीच्या वासाने ती दोनदा बाहेर गेली होती, तेव्हा मी तिला ॲसिडिटीचं चूर्ण दिलं होतं.

सगळे उठल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मला तरी सांगायचं न गं."

ती भांडी विसळत होती. वळली नाही. "ताई, मागच्या वेळी तुम्हाला पहिलं सांगितलं होतं."

"मग?"

"संध्याकाळपर्यंत अमरावतीला कळलं होतं. मग ते गेलं तेव्हा मला अमरावतीचे पण फोन घ्यावे लागले. नागपूरचे, अकोल्याचे. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगावं लागलं."

मी हातातल्या फडक्याची घडी केली, उलगडली, परत केली. मी ते चांगल्या मनाने केलं होतं. बातमी चांगली असली की माझ्या पोटात राहत नाही, हे सगळे हसत हसत सांगतात, मीही सांगते. तिने त्या महिन्यात पलंगावर पडून किती फोन घेतले असतील, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. काही फोन तर मीच तिच्या हातात दिले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. तिने 'जाऊ द्या ताई' म्हटलं नाही. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं.

मग मी म्हटलं, पार्क राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तर ती म्हणाली, "अजिबात नाही. तुम्ही गेला नाहीत तर तुमची बहीण विचारेल, काहून नाही आले? मग तुम्ही काय सांगाल?" मी काय सांगेन, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून जायचं ठरलं.

दीर-जाऊ घरीच थांबणार, म्हणून आता तक्त्यात दोन जागा रिकाम्या झाल्या आणि बाबांना नेण्याला कोणाची हरकत राहिली नाही. उलट दीर म्हणाले, घरात ठेवाल तर हे दिवसातून दहा वेळा वर येऊन 'कसं वाटून राहिलं' विचारतील. बाबांनी टोपी, काठी आणि खिशात मावेल असा एक पाना घेतला. पाना मी सिवनीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा काढून घेतला.

बहिणीकडची रात्र अवघड गेली. "वरचे काहून नाही आले?" ती आल्याआल्या म्हणाली. मी "कंबर" म्हटलं. "कोणाची?" म्हणाली. मी "भाऊजींची" म्हटलं आणि लवकर झोपायला गेले. माझी बहीण आजही म्हणते की त्या दिवशी मी आजारी दिसत होते.

पार्कात पोचलो तर ऊन असं की लोखंडाला हात लावला तर भाजेल. मुलीने गेटापासूनच झुल्याकडे बोट दाखवलं. लोक वर जात होते, उलटे होत होते, किंचाळत परत येत होते आणि, सर्वांत आश्चर्य म्हणजे, पुन्हा रांगेत उभे राहत होते. नवरा पाण्याच्या बाटल्या धरून सावलीत बसला. रांगेत मुलगी आणि बाबा उभे राहिले. बाबांना कुठलाच आजार नव्हता, यादीतल्या प्रत्येक ओळीतून ते पार झाले होते.

झुल्यावरच्या माणसाने त्यांना थांबवलं. "दादाजी, साठ के ऊपर नहीं."

"काहून? साठीनंतर काय होते?"

"नियम है, दादाजी."

"मी तोफा तपासल्या आहेत."

"दादाजी, तोप पे बैठे थोड़ी थे आप."

बाबांना हे उत्तर इतकं आवडलं की ते हसत बाजूला झाले आणि नंतर दिवसभर त्या माणसाशेजारी स्टूल टाकून बसले. दुपारपर्यंत त्याच्या डब्यातली भाजीपोळी खाऊन झाली होती.

पण मुलगी एकटी पडली. तिने रांगेतूनच ओरडून विचारलं, "मम्मी, तुम्हारा सर्वाइकल झूठ है ना?"

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघू लागली. नवराही बघू लागला, आठ महिन्यांची गोळी लपवणारा. मी पर्स त्याच्या मांडीवर आपटली आणि गेले.

गाडी टकटक करत वर चढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. टोकावर ती क्षणभर थांबली, मी डोळे उघडले, आणि हे मी करायला नको होतं. त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते मी शाळेत कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याच्या आईवडिलांना बोलावलं असतं. शुद्ध हिंदी शिव्या, एकामागून एक, वळणागणिक नवीन. खाली उतरले तेव्हा मुलगी माझ्याकडे प्रथमच पाहत असल्यासारखी पाहत होती.

"मम्मी, ये सब कहाँ से सीखा?"

"स्टाफरूम," मी म्हटलं, आणि तिथेच कठड्याला धरून बसले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग बऱ्याच वेळाने, तोडक्यामोडक्या मराठीत, म्हणाली, "आई, परत जायचा?" 'जायचा' नाही, 'जायचं', हे मी तिला सांगितलं. आणि परत गेले नाही.

बाळ दिवाळीनंतर आलं, थोडं लवकर. मुलगी. चार दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, पाचव्या दिवशी जावेच्या कुशीत दिली. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे होतो. बाबांनी चष्मा पुसून, खाली वाकून, तिची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी केली.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "फक्त हे नाक कोणाचं घेतलं हिनं?"

नाक बाबांचंच होतं, पसरट आणि टोकाला वळलेलं. पण त्या दिवशी त्यांना हे सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.