दोन शेड उजळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, फोनवर तासन्‌तास बोलणाऱ्या बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल — बघू, जमतंय का.

पुण्यात मी नवऱ्या सजवायची. नवरी खुर्चीत बसली की तिची आई हळूच माझ्या कानाशी यायची, "जरा उजळ करा हं." आणि मी करायची — दोन शेड उजळ, ठरलेलंच. मनातून मात्र त्या बायकांचा संताप यायचा. पोटच्या पोरीबद्दल असं बोलवतं तरी कसं?

२०१२ साली ह्यांना जर्मनीत एर्लांगेनला नोकरी लागली. हे दिवसभर कंपनीत आणि मी खिडकीत. जिन्यात शेजारी 'हालो' म्हणायचे, तेवढंच काय ते बोलणं. घरात बोलायला एकटी सई, माझी मुलगी, चौदा वर्षांची, शाळेत भराभर जर्मन शिकलेली. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. तिच्याशिवाय माझं त्या गावात कुणी नव्हतं — खरंच कुणी नव्हतं.

शेवटी मी मेकअपच्या एका कोर्सला नाव घातलं. परीक्षेचा विषय होता एलिझाबेथन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधला चेहरा आणि केस, पण आजच्या पद्धतीने. मॉडेल आपणच आणायची. नियमांचा कागद जर्मनमध्ये. तो सईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला ओळ न ओळ वाचून दाखवला, मराठीत समजावला. घरात येणारी सगळी पत्रं तीच वाचायची.

मग दोन महिने दर रविवारी तिच्यावरच सराव. भुवया ग्लू स्टिकने चापून झाकायच्या, केसांची कड मागे नेऊन कपाळ मोठं दाखवायचं, पुढचे केस बारीक कुरळे करून आत स्पंजची गादी घालून उंच चढवायचे. मोत्यांऐवजी केसांत तांब्याची तार गुंफायची — ही कल्पना सईची. ती तास तास हलायची नाही. किती हसलो आम्ही त्या रविवारांना! ते आठवलं की आजही कसंसंच होतं.

आणि मी काय केलं? सांगते. सांगते ना — त्यासाठीच तर बसलेय.

त्या काळी चेहरा पांढराफटक करायचे. सई सावळी, माझ्यासारखीच. पांढरा थर तिच्यावर राखाडी दिसायचा. तिचाच रंग ठेवून करता आलं नसतं का? आलं असतं. आजच्या पद्धतीने म्हणजे आणखी काय? मला ते सुचलंही होतं. पण परीक्षकांपुढे मला गोरा चेहरा हवा होता. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, मॉडेल अठरा वर्षांची लागते, तसा नियम आहे.

नियम — जे तिनेच मला वाचून दाखवले होते! त्यांत वयाचा शब्दही नव्हता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बोलून झालं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "गेनाऊ, आई," म्हणाली, म्हणजे 'अगदी बरोबर'. तारेचं वेटोळं टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. मी मागे गेले नाही. का गेले नाही? भीती वाटली — ती खरं बोलेल याची.

तळमजल्यावरची लेना माझी मॉडेल झाली, दुधासारखी गोरी. परीक्षकांना तांब्याची तार फार आवडली. कल्पना कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी.

त्यानंतर रविवारी सई मैत्रिणींकडे जायला लागली. ब्रश धुऊन मी कपाटात ठेवले. घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा आवाज नकोसा व्हायचा.

आता ती हायडेलबर्गला शिकते. गेल्या नाताळात घरी आली होती. बाहेर निघताना आरशासमोर बसली, तेव्हा मी दारात उभी होते. चेहऱ्यावरचा रंग दोन शेड उजळ. हनुवटीखाली रेघ स्पष्ट दिसत होती. गळा तिचा आणि चेहरा कुणा दुसरीचा.

"आई, पास्ट दास?" तिने आरशातूनच विचारलं. नीट दिसतंय ना?

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी स्पंज उचलला, आणि रेघ दिसू नये म्हणून तो उजळ रंग तिच्या गळ्यापर्यंत नीट पसरवून दिला.