सासऱ्यांच्या कमरेची दोरी

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर लाकडी होड्या दुरुस्त केल्या आणि एकाही होडीत ते कधी बसले नाहीत. फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासायचा, वरून डांबर भरायचं, हे त्यांचं काम. दुरुस्त झालेली होडी पाण्यात सोडली की बाकीचे खूश व्हायचे. हे मात्र धक्क्यावर उभे राहून तिच्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचे. "ठीक आहे, आत्तापुरती," एवढंच म्हणायचे. होड्यांच्या कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, तपासनीस.

घरीही तेच. मी गॅस बंद केला की मागून येऊन बटण फिरवून बघायचे. कडी लावली की ओढून बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या एका कामावर विश्वास ठेवला असेल तर शपथ! एकदा नवऱ्याला मी विचारलंच, "मी काय घर पेटवायला आलेय का रे?"

"अगं, ते स्वतः लावलेली कडीसुद्धा ओढून बघतात," तो म्हणाला.

नवऱ्याला शिडाच्या होडीचं भारी वेड. आमची मुलगी जरा बसायला लागली तशी त्यानं टूम काढली, की मित्राची होडी घेऊन सगळ्यांनी समोरच्या बेटावर जाऊन यायचं, पोरीलाही न्यायचं. मला वाटलं, बरं झालं, हा बेत सासरेच हाणून पाडतील. तर ते म्हणाले, "मीही येतो."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस होडीत पाय ठेवत नाही, तो एकाएकी तयार कसा? त्यात ते हातोडी घेऊन त्या होडीच्या फळ्या ठोकून बघायला गेले आणि गप्प होऊन परत आले. यांना काहीतरी दिसलंय आणि हे लपवतायत, अशी माझी खात्रीच पटली. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "तुलाही त्यांचीच लागण झाली!"

झाली तर झाली. पोरीला लाइफ जॅकेट घालून मी आधी घरच्या टबात सोडून बघितलं. मस्त पाठीवर तरंगली, वर हसली माझ्याकडे बघून.

निघालो. सासरे पोरीला मांडीवर घेऊन डोलकाठीला टेकून बसले. स्वतः जॅकेट घालेनात. "त्यात काय भरलंय कुणास ठाऊक!" ते फळ्यांवर नजर ठेवून, मी त्यांच्यावर. तेवढ्यात दिसलं, की पोरीच्या जॅकेटला एक दोरी बांधलीय. दुसरं टोक शोधलं तर ते सासऱ्यांच्या कमरेला!

"बाबा, दोरी होडीला का नाही बांधली?"

"होडीवर माझा विश्वास नाही."

"म्हणजे दोष आहे ना हिच्यात? खरं सांगा."

"एकही सापडला नाही. म्हणून तर जास्त धास्ती वाटते."

मला हसू फुटणार, इतक्यात जोराचा वारा आला आणि होडी एका बाजूला कलली. सासरे घसरत थेट कडेला गेले, पोर त्यांच्या छातीशी. नवऱ्यानं शीड सैल सोडलं तेव्हा कुठे होडी सरळ झाली. माझी नजर त्या दोरीवर गेली.

"बाबा, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

मी किंचाळलेच. "अहो, ती तरंगेल! तुम्ही जाल तळाला आणि तिलाही ओढून न्याल!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दोरीकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट त्या तपासनिसाच्या डोक्यातच आली नव्हती.

"मला वाटलं, ती एकटी जायला नको," ते पुटपुटले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी स्वतःच्या कमरेची गाठ सोडली, नवऱ्यानं दिलेलं जॅकेट निमूट अंगात घातलं आणि दोरीचं टोक माझ्यापुढे केलं. "तुला येतं ना पोहता?"

"येतं."

टोक मी माझ्या कमरेला बांधलं. सवयीनं त्यांचा हात ती गाठ ओढून बघायला पुढे आला. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.