पिलवंडांचे डोळे

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांची लेकरं मांडतात. एक मुलगा, एक मुलगी. त्यांना आम्ही पिलवंडं म्हणतो. काही घरी ती पितळेची असतात, आमच्याकडे मातीची. वीतभरसुद्धा नाहीत, चेहरा तर सुपारीएवढा.

ती रंगवायचं काम मी वीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलं, ते कचेरीमुळं. मी परभणीत तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होतो. उभा जन्म उर्दूत मिसली, म्हणजे कचेरीचे कागद, लिहिण्यात गेला. संस्थान गेलं, पुढं प्रांतांची वाटणी झाली आणि मराठवाडा मुंबईकडे आला. एके दिवशी सांगण्यात आलं की इथून पुढं सगळा कारभार मराठीत. चाळिशीला आलेला माणूस मी, रोज संध्याकाळी पाटीवर अक्षर गिरवायला बसायचो. ते पाहून बायको म्हणाली, "एवढी रेघ मारायलाव, तर यंदा पिलवंडं तरी रंगवा. तुमच्या गावाकडं, पेडगावात, तुमच्या हाताचं लय नाव होतं म्हणत्यात."

अक्का, माझी थोरली बहीण, तिथंच डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

ताडकळसच्या बाजारातून बायकोनं कुंभाराकडची कोरी जोडी आणली. मी खडूची पांढरी लावली, गेरू, पिवडी आणि नीळ बाभळीच्या डिंकात घोटली, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला बांधला. कपडे बरे जमले. डोळे काढल्यावर बायको बघून हसायलाच लागली. "अगं बाई! हे तर भूत बघितल्यावानी बघायलंय! आन् ही पोरगी बघायली चुलीकडं."

मीही हसलो. पण हसताना मला माहीत होतं की माझा हात बिघडलेला नव्हता. पेडगावात गाजलेले ते डोळे मी कधी काढलेच नव्हते. ते अक्काचे होते.

अक्का पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. पिलवंडाला तिनं हात लावणं कोणालाच चाललं नसतं. पण तिचा हात असा होता की सुपारीएवढ्या चेहऱ्यावर ती दोन रेघा ओढायची आणि लेकरू आता हाक मारील असं वाटायचं. रंग मी द्यायचो. मग सगळे शेतात गेले की मीच तिच्यामागं लागायचो, "अक्का, डोळे तेवढे." ती नको म्हणायची. मी कुंचला तिच्या हातात कोंबायचो. शेजारीपाजारीही आपली पिलवंडं माझ्याकडे आणून द्यायला लागले. शाबासकी मी घ्यायचो, ती आतून ऐकायची.

मी सतरा-अठरा वर्षांचा असताना शेजारच्या घरी महालक्ष्म्या उठल्या आणि आठ दिवसांत त्यांचं तान्हं बाळ तापानं गेलं. त्याला पिलवंडांच्या पायाशी निजवलं होतं. त्या बाईनं आमच्या दारात येऊन विचारलं, "पिलवंडाला कुणाचा हात लागला होता? खरं सांगा." कोणीतरी खिडकीतून पाहिलं असावं. वडील माझ्याकडं बघायला लागले. आणि मी म्हणालो, "डोळे अक्कानं काढले. मी नको म्हणालो होतो. तिनं ऐकलं न्हाई."

अक्का दाराआड उभी होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. आत गेली आणि कुंचला चुलीत घातला, एवढंच.

आईवडील गेल्यावर मी तिला परभणीला आणलं. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोला मी तीच गोष्ट सांगितली होती, मी नको म्हणालो होतो ती. त्यामुळं दर वर्षी महालक्ष्म्यांची तयारी निघाली की बायको अगदी साध्या स्वरात म्हणायची, "अक्का, तुमी तिकडं स्वयंपाकघरातच बसा." अक्का बसायची. मी ऐकत असायचो.

त्या वर्षी भूत पाहिलेली पिलवंडंच बसवली. नंतर मात्र मला राहवेना. मी फुटक्या मडक्याच्या खापऱ्यांवर डोळे काढायला लागलो. सुट्टीच्या दिवशी पंचवीस-तीस डोळे व्हायचे. सगळे तिरळे, बायको मोठ्यानं म्हणून हसायची. अक्का पलीकडून यायची-जायची. एकदा न थांबताच म्हणाली, "एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडं जायलास, म्हणून तिरळं व्हायलंय. आधी दोनी वरच्या रेघा. बुबुळं मागून."

मी नवी खापरी घेऊन आधी दोन वरच्या रेघा ओढल्या. वीस वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा बोलली होती.

मग अधूनमधून एखादं वाक्य मिळायला लागलं. बुबुळ वरच्या रेघेला चिकटून ठेव, सगळीकडून पांढरं दिसलं की लेकरू भ्यालेलं वाटतं. मनगट टेकव. रंग पातळ कर, अजून पातळ, दोन हात दे पण पातळ दे. ती खापरी हातात घेत नसे. मी काय काढलं ते विचारायची, आणि मी सांगितलं की त्यावर बोलायची. ती माझ्यावर रुसली आहे म्हणून बघत नाही, असंच मला वाटत राहिलं.

पुढच्या भाद्रपदापर्यंत माझे डोळे बरे उतरायला लागले. पण पिलवंडांचे डोळे मी काढायचे नाहीत, असं ठरवलं होतं. बसवायच्या आदल्या दिवशी मी रंगवलेली जोडी अक्कापुढं ठेवली आणि बायकोला हाक मारली. तिच्यादेखत म्हणालो, "त्या वेळी मीच अक्काच्या मागं लागत होतो. नको ती म्हणायची. मी खोटं बोललो." आणि कुंचला अक्कापुढं केला. "डोळे तू काढ."

बायको पदर तोंडाशी धरून उभी राहिली. अक्कानं मुलीचं पिलवंड उचललं, नाकाशी नेलं, उजेडाकडं तिरपं केलं, मग अंगठ्यानं चेहरा चाचपला.

"रंग जाड बसलाय गालावर," ती म्हणाली. "मला न्हाई रे दिसत आता एवढं बारीक. दोन-तीन वर्सं झाली. धुकं आल्यावानी हाय समदं."

"बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं त्यात? डाळ दिसती अजून."

पाच वर्षं आधी मी हे बोललो असतो तर तिला दिसत होतं. दहा वर्षं आधीही दिसत होतं. आम्ही एकाच घरात राहत होतो.

मी पिलवंडं तशीच बसवली, बिनडोळ्यांची. मला वाटलं, हीच माझी शिक्षा. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या आणि एकीनं विचारलं, "अवं, लेकरांना डोळे का न्हाईत?" मी म्हणालो, "ज्यांनी काढायचे त्यांना आता दिसत न्हाई." मला आतून जरा हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून अक्का ओरडली. तिला ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "लेकरं हायत ती! आईच्या पुढं बसलीत अन् आई दिसंना त्यांना. तुला वाईट वाटायलंय म्हणून त्यांना आंधळं ठेवतूस? काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

मी सगळ्या बायकांसमोर काजळ घोटलं, मांडी घालून बसलो. आधी दोन्ही चेहऱ्यांवरच्या वरच्या रेघा ओढल्या. मग बुबुळं भरली. मुलीचं उजवं बुबुळ रेघेवरून खाली घसरलं.

"झाले का?" अक्कानं उंबऱ्यातून विचारलं.

"झाले."

"बघायलेत का नीट आईकडं?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "बघायलेत, अक्का. दोघंबी."