जुळलेला हॅश

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत दिग्विजय भिंताडे यांच्याइतका सावध माणूस नाही, असं दिग्विजय भिंताडे यांचं मत आहे. उभा जन्म आयटीत गेला, त्यातला निम्मा मीटिंगा भरवण्यात. लिफ्टमध्ये कुणी मोबाइल काढला की हे विचारणार, "डाउनलोड केल्यावर हॅश तपासता का?" मग उत्तराची वाट न बघता सांगणार, की हॅश म्हणजे फाइलीचा ठसा, आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ, फाइलीत एवढासा फेरफार झाला तरी अख्खी ओळ बदलते. हे सहाव्या मजल्यापर्यंत चालतं. ते राहतात दुसऱ्यावर.

त्यांच्या पत्नी शेफालीताई घरून लग्नपत्रिका डिझाइन करतात. त्यांचा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला, तेव्हा यांनी नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं मनावर घेतलं. शोधल्यावर जी साइट सगळ्यात वर आली, तिथून फाइल उतरवली. त्याच पानावरचा हॅश घेतला, आपल्या फाइलीचा काढला, आणि दोन्ही ओळी बोट ठेवून ताडून पाहिल्या.

"जुळला. आता डोळे मिटून टाकायची."

"अहो, पण फाइल ज्यानं दिली, हॅशही त्यानंच दिलाय ना? मूळ कंपनीच्या साइटवर बघा की."

"तुला त्यातलं कळत नाही. हे गणित आहे."

आठवडाभरात शेफालीताईंच्या ईमेल खात्यावरून सगळ्या गिऱ्हाइकांना जुगाराच्या जाहिराती गेल्या. मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना मागवणाऱ्या इंदुबाईंना रमीचं आमंत्रण पोचलं. त्यांचा फोन आला, "पत्रिकाच करता ना, का क्लब काढलाय?" आणि काम दुसरीकडे गेलं.

शेफालीताईंनी तेव्हा कंपनीची खरी साइट उघडली. तिथला हॅश पहिल्याच अक्षराला वेगळा निघाला. आधीची साइट नकली होती. चोरानं बिघडवलेल्या फाइलीचाच हॅश अगदी प्रामाणिकपणे छापला होता.

दिग्विजयरावांनी दोन्ही ओळी पुन्हा बोट ठेवून ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "प्रक्रिया बरोबर होती."

शेफालीताईंनी कॉम्प्युटर पुसून कोरा केला, दुसऱ्या मशीनवर खरी फाइल उतरवून तपासली, पासवर्ड बदलले आणि गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. नवरा शेजारी बसून सूचना देत होता. त्याला त्यांनी कोथिंबीर निवडायला दिली.

पुढच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये दिग्विजयरावांचं सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. "हॅश नेहमी मूळ कंपनीच्याच साइटवरून घ्यावा," ते म्हणाले. "अडाणी लोक नेमके इथेच फसतात."

टाळ्या पडल्या. शेफालीताई आल्या नव्हत्या. त्यांना काम होतं.