पाणपोईची तोटी

२ एप्रिल १९६२. तांबटाला इसार सात रुपये. हजर : जिनिंगचे शेठजी, तांबट, पाणपोईच्या बाई आणि जिनिंगचा हिशेबनीस म्हणून मी.

दिग्रसला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी शेठजींची पाणपोई होती. बाई दिवसभर लोट्याने गाडीवाल्यांच्या ओंजळीत पाणी ओतत. त्या उन्हाळ्यात त्यांचा खांदा धरला, म्हणून मी रांजणाला साधी तोटी बसवली. पण पिणारा तोटी उघडी टाकून गाडीकडे जाई. मोजलं, तर चौदा घागरींपैकी पाच चिखलात.

शेठजी म्हणाले, "आठ दिवस पाह्यतो. नाही तर पाणपोई बंद, अन् बाईले सुट्टी."

बाईंच्या घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं.

मी नव्या तोटीचा नकाशा काढला. तोटीखाली लोंबणारी पितळी पट्टी मागे ढकलली की पाणी यावं, सोडली की आतल्या स्प्रिंगने आपोआप बंद व्हावं. तांबटाने चार दिवसांत हुबेहूब घडवली. घरी घागरीला लावून पाहिली. पेला अकरा मोजेपर्यंत भरला, एका बोटाचं काम. बायकोने विचारलं, "पेला कोन आननार तिथं?" मी लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी तोटी रांजणाला लागली. पहिल्याच गाडीवाल्याने ओंजळ धरली आणि तो थांबला.

"मुनीमजी, एका हातानं दाबू अन् एका हातानं पिऊ का? तिसरा हात सासऱ्याकडून आनू?"

ओंजळीला दोन हात लागतात, हे मी जन्मभर पाणी पिऊन विसरलो होतो. पेला ठेवला, तर "कोनाचा उष्टा हाय?" म्हणून कोणी शिवेना. मग जो तो म्हणू लागला, "मावशी, जरा दाबा नं." बाई दिवसभर पट्टी दाबत बसल्या, त्याच दुखऱ्या हाताने.

तांबट म्हणाला, "शिलाई मशीनवानी पायानं चालवू."

"पान्याले पाय लावता?" शेठजी ओरडले. तो विषय तिथेच संपला.

सातव्या दिवशी तांड्यावरची एक बंजारा बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. गाठोडं उतरवलं नाही. कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या हातांची ओंजळ धरली, घागऱ्याआडून गुडघा पट्टीवर रेटला, ओंजळ भरली की गुडघा काढून ती तोंडाशी नेली, असं करत पोटभर पाणी प्याली. थेंबही सांडला नाही.

मी शेठजींना बोलावून आणून ही युक्ती दाखवली. ते विचारात पडले. "पन गुडघा म्हनजे पायच झाला नं?"

पाणपोईच्या बाई म्हणाल्या, "काहून? देवापुढं गुडघेच टेकता नं तुम्ही? तवा नाही म्हनत देवाले पाय लावला."

शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं. आसपासचे गाडीवाले हसत होते. "बरं, गुडघा चालंन," ते म्हणाले.

तांबटाने पट्टी वीतभर खाली वाढवून टोक रुंद केलं. आठव्या दिवशी मी स्वतः रांजणाशी बसून मोजलं. वाया गेलेलं पाणी अर्धी घागर, तीही माझ्या धोतरावर, कारण एकाने गुडघा जरा जोरात मारला.

तांबटाला उरलेले पाच रुपये आणि पट्टी वाढवल्याचा सव्वा रुपया दिला. तीस तारखेला शेठजींनी बाईंना महिन्याचे पंधरा रुपये पूर्ण दिले, आणि मे महिन्यासाठी कामावर ठेवून घेतलं.